वंश, सत्ता आणि यंत्र : ‘वामन परत न आला’ आणि ‘नागझिरा’ यांच्या निमित्ताने

२० मे २०२५ रोजी जयंत नारळीकर गेले आणि १८ जूनला मारुती चितमपल्ली. एका महिन्याच्या आत मराठीने हे दोन लेखक गमावले. त्यानंतर आलेल्या मृत्युलेखांत नारळीकरांची नोंद विज्ञानकथेच्या खात्यावर झाली आणि चितमपल्लींची अरण्यलेखनाच्या. दोन्ही खाती आपल्याकडे किरकोळ मानली जातात. मराठी समीक्षेने कादंबरी, कविता, नाटक यांसाठी जी कसोटीची दगडी पाटी तयार केली, तिच्यावर ही लेखने फारशी घासून पाहिलीच गेली नाहीत. विज्ञानकथेत विज्ञान किती आणि कथा किती, अरण्यलेखनात माहिती किती आणि लालित्य किती, एवढ्या मोजमापावर बहुतेक चर्चा थांबली. या दोन प्रकारांचा परस्परांशी काही संबंध असू शकतो, ही शंका तर कोणाला फारशी शिवलेली दिसत नाही. वस्तुतः दोन्हीकडे विचारला जाणारा प्रश्न एकच आहे : सृष्टीच्या मांडणीत माणसाची जागा नेमकी कोठे?

बुद्धिमान यंत्र माणसाला मागे टाकेल काय, ही चर्चा २०२२ च्या अखेरीपासून चहाच्या टेबलापर्यंत पोचली आहे. तिच्यात भीतीचे आणि भक्तीचे प्रमाण जवळजवळ सारखे आहे. यंत्र खरोखर मागे टाकेल की नाही, याचा निवाडा करणे साहित्यसमीक्षेच्या आवाक्यातले नाही. ‘मागे टाकणे’ ही कल्पना कोणत्या कथनरूपात आपल्यापुढे येते आणि ते रूप कोठून आले, हे मात्र समीक्षेने विचारलेच पाहिजे. त्यासाठी प्रस्तुत लेखात नारळीकरांची ‘वामन परत न आला’ ही कादंबरी व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘सत्तांतर’ व ‘नागझिरा’ या पुस्तकांच्या शेजारी ठेवून वाचण्याचा प्रयत्न केला आहे. हा शेजार काहींना विचित्र वाटेल. वाटू द्यावा.

प्रथम शब्दांकडे पाहू. यंत्र माणसावर ‘मात’ करील, असे आपण म्हणतो. हा शब्द बुद्धिबळाच्या पटावरून आला आहे आणि तिथे त्याचा अर्थ अगदी नेमका आहे : राजा कोंडला जातो, डाव संपतो. ‘वरचढ’, ‘सरशी’, ‘कुरघोडी’ हे शब्दही याच जातीचे. कोणीतरी वर आणि कोणीतरी खाली, आसन एकच, अशी या सगळ्यांमागची प्रतिमा आहे. १९९७ च्या मे महिन्यात ‘डीप ब्लू’ या संगणकाने गॅरी कास्पारोव्हला सामन्यात हरवले तेव्हा हा शब्द शब्दशः खरा ठरला. डाव मात्र संपला नाही. २०२५ च्या जुलैमध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकला तेव्हा तिच्या खिशातल्या फोनमधले यंत्र तिच्याहून चांगले खेळते, हे साऱ्या जगाला ठाऊक होते आणि त्यामुळे कोणाच्याही आनंदात तसूभर उणेपणा आला नाही. म्हणजे एखाद्या कौशल्यात मागे पडणे आणि आसनावरून उतरवले जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कल्पित साहित्याने त्या एकत्र कशा केल्या, हा खरा प्रश्न आहे.

याचे उत्तर पाश्चात्त्य परंपरेतील तीन प्रसिद्ध संहितांत सापडते. मेरी शेलीच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’मध्ये (१८१८) निर्मिलेला जीव आपल्या निर्मात्याकडे जोडीदारीण मागतो. निर्माता ती घडवायला घेतो आणि अर्ध्यावर तिचे तुकडे करतो, कारण या जोडप्याची संतती पृथ्वीवर पसरली तर काय, या विचाराने त्याचा थरकाप होतो. त्या जीवाच्या बळाची किंवा बुद्धीची त्याला तेवढी भीती वाटत नाही. सॅम्युएल बटलरच्या ‘एरेव्हॉन’मधील (१८७२) यंत्रांवरील प्रकरणांत यंत्रांना प्रजननसंस्था नाही, हा आक्षेप विचारात घेतला आहे. बटलरचे उत्तर असे, की लाल क्लोव्हर या वनस्पतीलाही आपले परागीभवन स्वतः करता येत नाही, भुंग्याची मदत लागते. मग माणूस हा यंत्रांचा भुंगाच म्हणायचा. कारेल चापेकच्या ‘आर. यू. आर.’ (१९२०) या नाटकाने जगाला ‘रोबो’ हा शब्द दिला, हे सर्वांना माहीत असते. त्यात बंड जिंकूनही रोबो हताश होतात, हे तितके लक्षात राहत नाही. नवे रोबो घडविण्याचे टिपण जळून गेलेले असते आणि ते आपली पुढची पिढी निर्माण करू शकत नाहीत. नाटक संपते ते प्रेमात पडलेल्या एका रोबो-जोडप्यावर, नव्या आदम-हव्वांवर.

तिन्ही ठिकाणी कथानकाची कळ बुद्धीत नसून संततीत आहे. यंत्र किती शहाणे, यापेक्षा त्याला वंश आहे की नाही, हा प्रश्न निर्णायक ठरतो. यंत्राने माणसाला मागे टाकण्याची कथा ही बुद्धिकथा म्हणून सांगितली जाते, परंतु तिचा रूपबंध वंशकथेचा असतो.

आता नारळीकरांकडे येऊ. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठविली आणि तिला पहिले पारितोषिक मिळाले, हा किस्सा सर्वश्रुत आहे (नावाच्या आद्याक्षरांची उलटापालट पाहण्यासारखी आहे, पुढे ‘वामन’ या नावाशी त्यांनी जो खेळ केला त्याचे बीज इथेच असावे, असे मला उगाच वाटते). ऐंशीच्या दशकातील ‘वामन परत न आला’ ही त्यांची कदाचित सर्वाधिक महत्त्वाकांक्षी कादंबरी. लोप पावलेल्या एका अतिप्रगत संस्कृतीने जमिनीच्या पोटात ठेवलेला ठेवा उत्खननात सापडतो. त्यातील माहितीचा उलगडा करत शास्त्रज्ञ अधिकाधिक समर्थ यंत्रे उभी करतात आणि या वाटेने वामन हा यंत्रमानव अस्तित्वात येतो. तो आज्ञाधारक आहे, विद्वान आहे, उपयोगी आहे. संकट उभे राहते ते त्याला स्वतःसारखे दुसरे घडविण्याची शक्ती हवीशी होते तेव्हा. आणि ज्या संस्कृतीने हा ठेवा पुरून ठेवला, तिचा अंत कशाने झाला असावा, याचा उलगडाही तेव्हाच होऊ लागतो.

या कादंबरीवर दोन आक्षेप घेता येतात. पहिला, तिच्यातील पात्रे पुठ्ठ्याची आहेत. तो मला मान्य आहे. शास्त्रज्ञ एकमेकांशी बोलतात ते वाचकाला समजावे म्हणून बोलतात. त्यांच्या बोलण्यात गाव नाही, जात नाही, घरची कटकट नाही. दुसरा आक्षेप असा, की यंत्राच्या बंडाचा हा विषय परका आणि वापरून गुळगुळीत झालेला आहे. हा मला मान्य नाही. नारळीकरांनी परक्या कथेतील नेमका मर्मबिंदू, म्हणजे वंशाची मागणी, ओळखला आणि तो एका देशी मिथकाच्या मुठीत दिला. वामनाची कथा ही मागण्याचीच कथा आहे. बटू येतो, तीन पावले भूमी मागतो. मागणी क्षुल्लक दिसते आणि ती पुरी होता होता त्रैलोक्य व्यापले जाते. लहान आकारात अफाट सामर्थ्य, ही संगणकाच्या इतिहासाचीही कथा. आणि धोक्याचा इशारा देणारा शुक्राचार्य इथेही आहेच. तो वैज्ञानिकांच्या मनात वसतो आणि तिथेही त्याचे कोणी ऐकत नाही.

पण मराठी वाचकाच्या मनात वामन हे नाव एकपदरी नाही. जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’त (१८७३) या कथेची उलटतपासणी केली. त्यांच्या मांडणीत बळी हा इथल्या कष्टकरी प्रजेचा न्यायी राजा आणि वामन हा कपटाने राज्य बळकावणाऱ्या आक्रमकांचा पुढारी. त्याआधीपासून आणि आजही बलिप्रतिपदेला घरोघरी ‘इडापिडा टळो, बळीचे राज्य येवो’ असेच म्हटले जाते. म्हणजे लोकस्मृतीत जो परत यावा असे वाटते तो बळी आहे. वामनाच्या परतण्याची वाट कोणीच पाहत नाही. ‘वामन परत न आला’ हे शीर्षक या स्मृतीवर उभे राहून वाचले की त्यातून सुटकेचा निःश्वास ऐकू येतो, आणि त्याच्या पाठोपाठ एक अडचणीचा प्रश्नही : मग इथे बळी कोण? कादंबरीचे उत्तर गृहीत आहे, की बळी म्हणजे समस्त मानवजात. हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. ‘मानवजात’ नावाचा एक राजा एका सिंहासनावर बसलेला आहे आणि त्याला कोणीतरी पाताळात ढकलणार आहे, या चित्रात ज्यांना कधी सिंहासन मिळालेच नाही, त्यांचे काय? फुल्यांनी कथेतला संघर्ष माणसामाणसांतील आहे असे दाखविले होते. यंत्रकथेने तो पुन्हा माणूस आणि अ-माणूस यांच्यातील करून टाकला. नारळीकरांच्या सौम्य, सज्जन कथनात हा बदल इतक्या अलगद होतो की तो लक्षातही येत नाही.

भविष्यवेत्त्यांच्या गद्याकडे वळले तर तिथेही हेच व्याकरण दिसते. आय. जे. गुड या गणितज्ञाने १९६५ मध्ये मांडले, की माणसाहून बुद्धिमान यंत्र स्वतःहून अधिक बुद्धिमान यंत्र घडवील, ते त्याहून अधिक, आणि बुद्धीचा स्फोट होईल. हा युक्तिवाद तर्कशुद्ध भाषेत येतो, पण त्याची रचना वंशावळीची आहे : अमुकापासून अमुक झाला, त्यापासून अमुक. व्हर्नर विंज हा विज्ञानकथालेखकही होता आणि गणिताचा प्राध्यापकही. १९९३ च्या निबंधात त्याने या घटनेला दिलेले नाव पुढे रे कुर्झवाइलने २००५ च्या आपल्या ग्रंथाच्या शीर्षकात नेले. या सर्वांत प्रामाणिक म्हणावा तो हान्स मोराव्हेक. त्याच्या १९८८ च्या पुस्तकाचे नावच ‘मनाची मुले’ असे आहे. मुलांनी आईबापांना मागे टाकावे, यात दुःख कसले, अशी त्याची भूमिका. ज्याला एक पक्ष बळकावणारा म्हणतो त्याला दुसरा वारस म्हणतो, एवढाच फरक. आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये, या विद्येच्या जनकांपैकी एक असलेल्या जेफ्री हिंटन यांनी उपाय सुचविला तो असा, की यंत्रांत मातृभाव रुजवावा, म्हणजे आपण त्यांची बाळे होऊन सुखरूप राहू. शत्रू झाला, वारस झाला, आता आई झाली. या कथेत यंत्र नात्यातले किंवा भाऊबंदकीतले असते. नुसते परके, नुसते वेगळे असे ते कधीच नसते.

भाऊबंदकी म्हटल्यावर माडगूळकर आठवणे अपरिहार्य आहे. ‘सत्तांतर’ या त्यांच्या कादंबरीला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. वानरांच्या टोळ्या हेच तिचे समाजजीवन आणि टोळीचा धनी बदलणे ही तिची घटना. शीर्षकाचा शब्द वृत्तपत्रांतून, १९७७ नंतरच्या राजकारणातून आलेला असल्यामुळे तिला राजकीय रूपक म्हणून वाचण्याचा मोह होतो. तो आवरावा. तिचे खरे बळ असे, की माणसाला इथे उपमेय म्हणूनही आत घेतलेले नाही. तिच्यामागे त्या काळचे प्राणिशास्त्र उभे आहे. युकिमारू सुगियामा या जपानी संशोधकाने साठच्या दशकात धारवाडजवळ पाहिले, की टोळी जिंकणारा नवा नर आधीच्या नराची अंगावरची पिल्ले मारतो. अबूच्या पहाडावर वानरांचा अभ्यास करणाऱ्या सारा हर्डी यांनी १९७७ च्या ग्रंथात त्याचा अर्थ लावला : पिल्ले गेली की माद्या लवकर माजावर येतात आणि नव्या नराचा वंश सुरू होतो. म्हणजे सत्ता आणि वंश यांची गाठ इथे उघड्या मांसात दिसते. आसन, लढाई, हकालपट्टी, संतती ही सारी सामग्री, जी यंत्रकथेने यंत्रावर लादली, ती मुळात वानराच्या देहाची आहे. ज्याला मरण आहे, ज्याचे तारुण्य काही थोड्या वर्षांचे आहे, त्याला घाई आहे. यंत्राला ही घाई कोठून येणार? भविष्यवेत्ता जेव्हा यंत्राची सत्तालालसा रंगवतो, तेव्हा तो स्वतःच्या शेपटीचे वर्णन करत असतो.

आणखी एक गोष्ट ‘सत्तांतरा’च्या चर्चेत निसटते. वानरांत नर येतात आणि जातात; माद्या मात्र जन्मल्या त्याच टोळीत, त्याच मुलखात राहतात. नव्या पिल्लाला साऱ्या माद्या हाताळतात, एकीच्या कुशीतून दुसरीच्या कुशीत ते फिरते. म्हणजे धनी बदलला तरी टोळी तीच असते. कोणत्या झाडाला केव्हा फळ येते, पाणी कोठे आटते, बिबट्याची चाहूल कशी लागते, हे ज्ञान धन्याच्या खुर्चीबरोबर जात नाही. सत्तांतराची कथा सांगणारे, मग ते वानरांविषयी बोलत असोत की यंत्रांविषयी, खुर्चीकडे पाहतात. टोळी त्यांच्या नजरेच्या कडेला राहते.

‘नागझिरा’ या माडगूळकरांच्या सत्तरीच्या दशकाअखेरच्या पुस्तकात ही नजर बदललेली आढळते. नागझिरा तेव्हा भंडारा जिल्ह्यात होते. १९९९ मध्ये गोंदिया जिल्हा वेगळा झाला. १९७० मध्ये अभयारण्य झालेले हे सुमारे १५३ चौरस किलोमीटरचे रान, त्यातले तळे, साग-बांबूची झाडी. एके काळी शिकारीचा नाद असलेला लेखक तिथे वही आणि रेखाटनाचे साहित्य घेऊन राहतो. पुस्तकात ‘घडत’ काहीच नाही, अशी तक्रार मी विद्यार्थ्यांकडून ऐकली आहे. ती बरोबर आहे आणि तेच त्या पुस्तकाचे रूप आहे. निवेदक प्रत्येक पानावर कोणा ना कोणाच्या तुलनेत कमी पडतो. चितळाला वास आधी येतो, वानराला बिबट्या आधी दिसतो, घुबडाला अंधारात दिसते, अस्वलाला मोहाचा सुगंध कुठच्या कुठून लागतो. माणूस इथे पदोपदी मागे टाकला जातो आणि त्याला अपमान वाटत नाही, कारण आसनाचा प्रश्नच उद्भवत नाही. वानर झाडावरून खाकरतो, खाली चितळ कान टवकारतात. एकाच्या ज्ञानाचा दुसऱ्याला उपयोग होतो आणि कोणी कोणाचा वारस नसतो. श्रेष्ठता आहे, पण ती ठिकठिकाणी विखुरलेली आहे. यंत्रकथेला न सुचलेली कल्पना ती हीच : आपल्याहून समर्थ असा शेजारी.

इथे थांबलो तर हा लेख अरण्याची आरती ठरेल. शेजार म्हणजे सुरक्षितता नव्हे, हे मोहफुले वेचायला गेलेल्या आणि अस्वलाशी गाठ पडलेल्या कोणालाही विचारावे. शिवाय एक फार मोठी अडचण आहे आणि ती नागझिराच पुढे करतो. ते अभयारण्य आहे. अभय कोणी कोणाला दिले? माणसाने, वाघाला. २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. २०२३ च्या मे महिन्यात ब्रह्मपुरीकडच्या दोन वाघिणी पकडून, गळ्यात रेडिओ-पट्टा बांधून नागझिऱ्यात सोडण्यात आल्या, कारण इथली वाघांची संख्या वाढावी असे आपण ठरविले. हेतू चांगला होता. पण यंत्राच्या भीतीचा सर्वांत गंभीर पाठ याच चित्रावर उभा आहे : आज वाघ आपल्या हाती आहे तसे उद्या आपण यंत्राच्या हाती असू, ते आपल्याला मारणार नाही, आपल्यासाठी १५३ चौरस किलोमीटर राखून ठेवील आणि आपली शिरगणती करील. या पाठाला मी सहजासहजी उत्तर देऊ शकत नाही. एवढेच म्हणतो, की इथे वंशकथेचे व्याकरण गळून पडते आणि त्यामुळे प्रश्न निदान खरा होतो. अभय देणाऱ्याची बुद्धी किती मोठी, हा मुद्दा उरत नाही. पट्टा कोणी बांधला, कोणाच्या निर्णयाने आणि कोणाला विचारून, हा उरतो. फुल्यांनी विचारलेला प्रश्न तो हाच, आणि नारळीकरांची कादंबरी नेमकी तिथेच मुकी होते.

या रानात यंत्राने माणसाला एका कामात खरोखरच मागे टाकले आहे आणि त्याची वाच्यता साहित्यात झालेली नाही. १९६६ मध्ये ओडिशातील वनाधिकारी सरोज राज चौधरी यांनी वाघांची गणती पाऊलठशांवरून करण्याची पद्धत सुरू केली. जमिनीवरचा ठसा वाचायचा : नर की मादी, केवढा, लंगडतो काय, केव्हा गेला. हे वाचन वनरक्षक आणि त्यांच्यासोबतचे गोंड, ढीवर वाटाडे करीत. इटालियन इतिहासकार कार्लो गिन्झबुर्ग याने १९७९ च्या एका निबंधात सुचविले आहे, की कथनाचा उगम अशा माग काढणाऱ्यांतच असावा. ‘इथून कोणीतरी गेले’ हे बहुधा जगातले पहिले कथावाक्य. या वाचनात चुका होत, आणि सोयीस्कर चुकाही होत. २००५ मध्ये राजस्थानातील सरिस्का येथे, कागदावर वाघ असताना रानात एकही उरला नसल्याचे उघड झाले. ठशांची पद्धत मोडीत निघाली. २००६ पासूनच्या गणनेत झाडांना बांधलेले कॅमेरे आले, आणि पुढे पट्ट्यांची नक्षी जुळवून वाघ ओळखणारे व छायाचित्रांतील प्राण्यांची जात निवडणारे संगणक. आज या कामात कोणीही माणूस त्यांची बरोबरी करणार नाही. वाघांच्या दृष्टीने हे चांगलेच झाले. ठसा वाचणाऱ्याची विद्या मात्र कोणाकडे सोपविली गेली नाही. यंत्राने ती घेतली नाही, कारण त्याला तिची गरज नव्हती. इथे ना वारस दिसतो, ना बळकावणारा. एक वाट फक्त वापरातून गेली.

२०१८ च्या राष्ट्रीय व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले गेले आणि त्यांनी ३,४८,५८,६२३ छायाचित्रे टिपली. यंत्राने ती निवडली. त्यांपैकी ७६,६५१ वाघांची निघाली आणि ५१,७७७ बिबट्यांची. उरलेली सुमारे ३ कोटी ४७ लाख छायाचित्रे इतर वन्यजीवांची होती. व्याघ्रगणनेच्या हिशेबात त्यांचे काम नव्हते. त्यांत चितळ आहेत, गवे आहेत, रानडुकरे आहेत आणि पाणवठ्यावर उतरलेल्या, कुशीत पिल्लू धरून इकडेतिकडे पाहणाऱ्या वानरांच्या माद्या आहेत.